मॅडनेसचा ‘नॉर्टन फोलगेट’: पन्नाशीचं शहाणपण की म्हातारचळ?

तिरका_तिय्या

जुन्या बँडच्या उतारवयातल्या अल्बमांबद्दल माझं मत एरवी वाईटच आहे. मंडळी पुन्हा एकत्र येतात, दहा-बारा गाण्यांच्या जिलब्या पाडतात, आणि कार्यक्रमात त्यातलं एखादं सुरू झालं की पब्लिक बिअर आणायला उठतं. पण मॅडनेसचा २००९ सालचा ‘द लिबर्टी ऑफ नॉर्टन फोलगेट’ गेले दोन महिने माझ्या कानातून निघत नाहीये. थेट बोलतो: हा त्यांचा सर्वांत चांगला अल्बम आहे. ‘वन स्टेप बियाँड’ या पहिल्या अल्बमपेक्षाही.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. उत्तर लंडनमधल्या कॅमडन टाउनची पोरं. १९७६ ला वाजवायला लागली, १९७९ मध्ये जमैकाचा गायक प्रिन्स बस्टर याच्या गाण्यावरून बँडचं नाव घेतलं. पहिली सिंगल त्यालाच वाहिलेली, ‘द प्रिन्स’. मग ‘बॅगी ट्राउझर्स’, ‘हाउस ऑफ फन’, ‘आवर हाउस’. १९८६ ला फुटले, १९९२ ला फिन्सबरी पार्कात पुन्हा उभे राहिले, तेव्हा लोक एवढे नाचले की आसपासच्या इमारती हादरून भूकंपाची बातमी झाली!

आता हा अल्बम. नॉर्टन फोलगेट हा लंडन शहराच्या वेशीबाहेरचा जेमतेम आठ-नऊ एकरांचा तुकडा. इथे ‘लिबर्टी’ म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. आजूबाजूच्या पॅरिशांची, म्हणजे चर्चच्या हद्दीवरून पडलेल्या स्थानिक विभागांची, सत्ता जिथे चालत नाही असा टापू. आपल्याकडची इनामी गावं डोळ्यांसमोर आणा, साधारण तसं. १९०० साली ती वेगळी ओळख मोडीत निघाली. पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या माणसांनी त्या पुसलेल्या तुकड्यावर दहा मिनिटांचं गाणं रचलं, आणि ते एकदाही कंटाळवाणं होत नाही. विशीतल्या मॅडनेसला हे जमलं नसतं. त्यांना तेव्हा शाळा आणि पोरी यापलीकडचं जग दिसतच नव्हतं.

ठेका_पक्का

सपशेल असहमत.

मॅडनेस ज्यावर उभे राहिले तो जमैकाचा नाचरा ठेका म्हणजे स्का. तो काय ते आधी बोलू. एक-आणि-दोन-आणि असं मोजा. गिटार ‘एक’वर गप्प, ‘आणि’वर तुटक वाजते. वाजली की लगेच तारेवर हात, सूर लांबवायचा नाही. दोन ठोक्यांमधल्या त्या पोकळीत सगळी मजा. तुम्ही बसलेले असलात तरी गुडघा हलायला लागतो. मॅडनेस ऐकायचं ते त्या गुडघ्यासाठी.

‘नॉर्टन फोलगेट’मध्ये ते आहे कुठे? ‘डस्ट डेव्हिल’मध्ये थोडंफार, ‘फॉरएव्हर यंग’मध्ये चवीपुरतं. बाकी व्हायोलिनं, पियानो, इतिहासाचा तास. समीक्षकांना आवडला कारण त्यांना नाचायचं नसतं, लिहायचं असतं. हुच्चभ्रूंनी पाठ थोपटली म्हणून अल्बम मोठा होत नाही. नाचऱ्या बँडनं नाचवावं, कीर्तन कशाला?

तिरका_तिय्या

‘आवर हाउस’ कुठे स्का आहे हो? व्हायोलिनं त्यातही आहेत, १९८२ पासून. अमेरिकेत पहिल्या दहांत गेलेलं त्यांचं गाणं तेच. ‘एम्बॅरसमेंट’ ऐका, त्याचा जीव मोटाउनचा, म्हणजे अमेरिकन सोल संगीताचा आहे. स्का हे त्यांचं दार होतं, घर नव्हे. घर म्हणाल तर म्युझिक हॉल: जुन्या लंडनमधली ती बतावणी, गाणं आणि टवाळी यांची खिचडी.

आणि निव्वळ स्काच हवा होता ना? २००५ मध्ये ‘द डेंजरमेन सेशन्स’ काढलाच की त्यांनी, दुसऱ्यांची जुनी गाणी घेऊन. ठेका एकदम तुमच्या मनासारखा. किती वेळा ऐकलात तो? शुद्ध पाट्या टाकणं होतं. त्याच सुमारास गिटारवाला क्रिस फोरमन वैतागून सोडून गेला, वर्षभरानं परतला. तो परतला नसता तर पुढचं काहीच झालं नसतं, असं मला वाटतं.

लिव्हरपूल_स्ट्रीट_७_४०

मी रोज तिथून जाते म्हणून मध्येच तोंड घालते. लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनातून बाहेर पडून बिशप्सगेटनं उत्तरेला निघालं की काही अंतरावर रस्त्याची पाटी बदलते: नॉर्टन फोलगेट. पुढे लगेच शोरडिच हाय स्ट्रीट. मध्ये कोणी फोन केला तर बोलणं संपायच्या आत नॉर्टन फोलगेट संपलेलं असतं. पाच वर्षं मी ते नाव वाचलंसुद्धा नव्हतं. हा अल्बम ऐकल्यावर पहिल्यांदा थांबून पाटी बघितली. १५८९ मध्ये नाटककार ख्रिस्तोफर मार्लो इथेच राहायचा, आणि जवळच्या गल्लीत झालेल्या मारामारीत एक माणूस मेला म्हणून तुरुंगात गेला होता, हे त्यानंतर कळलं.

अल्बम आला तेव्हाच्या त्या गल्ल्या आता तशा उरलेल्या नाहीत. बिल्डरच्या प्रकल्पाला तिथल्या काउन्सिलनं २०१५ मध्ये नकार दिला होता, महापौर बोरिस जॉन्सन यांनी तो निर्णय फिरवला. काचेच्या इमारतींना जुन्या विटांचे दर्शनी मुखवटे चिकटवलेत. त्यामुळे ठेका_पक्कांना गुडघ्याचं दुःख असेल, मला हे गाणं दाखला म्हणून हवंय.

कडू_कारलं

दाखला कसला? सोयीचा दाखला.

सात गोरी पोरं, जमैकन संगीत, आणि १९७९-८० च्या त्यांच्या कार्यक्रमांना नॅशनल फ्रंट या वंशद्वेष्ट्या पक्षाचे मुंडण केलेले गुंड गर्दी करायचे. स्पेशल्ससारख्या बँडमध्ये काळे-गोरे एकत्र उभे राहायचे, मॅडनेसवाले मात्र बराच काळ ‘आम्ही फक्त मजा करतो’ म्हणत राहिले. तीस वर्षांनी त्यांना परदेशातून आलेल्यांचा कळवळा येतो आणि त्यावर गाणं होतं. गाण्यात आफ्रिका, चीन, मलायाचे खलाशी जहाजावरून उड्या टाकतात, छान रंगीत मिरवणूक. रत्नागिरीचा खलाशी कुठाय? गोव्याचा स्टुअर्ड कुठाय? पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीच्या बोटी कोणाच्या जिवावर चालत होत्या? ईस्ट इंडिया कंपनीची कटलर स्ट्रीटची गोदामं तिथून हाकेच्या अंतरावर होती. त्यातला माल कुठून यायचा?

हे लंडनचं पर्यटनपत्रक आहे. २०१२ ला हीच मंडळी बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर चढून राणीसाठी गायली, ते उगाच नाही.

तिरका_तिय्या

गच्चीबद्दल बोलायला माझ्याकडे काही नाही. तो प्रकार मलाही नको वाटला होता.

पण ‘तीस वर्षांनी कळवळा’ हे खोटं आहे. ‘एम्बॅरसमेंट’ १९८० चं. सॅक्सवाला ली थॉम्प्सन यानं लिहिलेलं, त्याच्याच घरातलं: बहिणीला काळ्या मुलापासून दिवस गेले आणि नातेवाइकांनी तोंडं फिरवली. गाणं त्या तोंड फिरवणाऱ्यांच्या बाजूनं बोलतं, म्हणून जास्त झोंबतं. आणि शीर्षकगीताची सुरुवातच परक्याच्या भीतीपासून होते. मिरवणूक नंतर येते. पत्रक छापणारा ‘आमच्याकडे आधी तुमची भीती होती’ असं पहिल्या पानावर लिहील?

रत्नागिरीच्या खलाशाचा मुद्दा मात्र मान्य. तो गाण्यात हवा होता.

लिव्हरपूल_स्ट्रीट_७_४०

कारलेसाहेब, नॉर्टन फोलगेटहून दहा-पंधरा मिनिटं चालत ब्रिक लेनला या. फोर्नियर स्ट्रीटच्या कोपऱ्यावर एक विटांची इमारत आहे. १७४३ मध्ये फ्रान्समधून पळून आलेल्या ह्यूगेनो, म्हणजे प्रोटेस्टंट लोकांनी ती चर्च म्हणून बांधली, पुढे मेथडिस्टांकडे गेली, मग ज्यूंचं सिनेगॉग झाली, आणि १९७६ पासून बांगलादेशी लोकांची मशीद आहे. वर भिंतीवर सूर्यघड्याळ, त्याच्यावर लॅटिनमध्ये ‘उम्ब्रा सुमुस’, म्हणजे आम्ही सावली आहोत. शुक्रवारी त्याच्याखालून माणसांची रीघ लागलेली असते, वर कोणी बघत नाही. गाण्यात हे घड्याळ नाही. पण त्यातली चाल अशीच मालक बदलत जाते. आधी पियानो, मग मधेच पूर्व युरोपातल्या लग्नाच्या वरातीसारखं काहीतरी, पुन्हा पब. पत्रक वाटलं तर वाटू दे, मला तरी त्या इमारतीसारखं वाटलं.

आकडेबहाद्दर

एवढी चर्चा, पण हा अल्बम ब्रिटनमध्ये पाचव्या क्रमांकावर थांबला होता. २०२३ चा ‘थिएटर ऑफ द अ‍ॅब्सर्ड प्रेझेंट्स से ला वी’ पहिल्या क्रमांकावर गेला. नव्या गाण्यांचा अल्बम कारकिर्दीत पहिल्यांदाच! त्याआधी त्यांचे फक्त संकलनाचे अल्बम वर पोचले होते. लोकांनी कौल दिलाय.

ठेका_पक्का

लोकांनी कौल दिला त्या अल्बमात मार्टिन फ्रीमन आणि हेलन मिरेन हे सिनेमातले नट निवेदन करतात. निवेदन! कॅथल स्मिथ २०१४ मध्येच बँड सोडून गेलेला. स्टेजवर मध्येच ओरडणारा तो माणूस नाही, तर मॅडनेस अर्धाच. आकडे खिशात ठेवा.

तिरका_तिय्या

इथे आपलं एकमत झालं, नोंद करून ठेवा.

ठेका_पक्का

नोंद करा, पण पुढचंही वाचा. काल रात्री हट्टानं पूर्ण अल्बम पुन्हा ऐकला, हेडफोन लावून. शीर्षकगीत मला अजूनही पाच मिनिटांनी लांब वाटतं. ‘क्लर्कनवेल पोल्का’ निव्वळ चावटपणा. ‘एनडब्ल्यू फाइव्ह’ला मात्र फसलो. केंटिश टाउनचा पिनकोड, जुन्या मित्राची आठवण, विषय इतका साधा की भीती वाटली आता गळे काढणार. काढले नाहीत. तीनदा लावलं.

गुडघा हलला नाही.

कडू_कारलं

मग काय हललं ते सांगा की.

ठेका_पक्का

सांगणार नाही. ऑफिसला उशीर झालाय.