जुनं पोलादी पिस्तूल की नवं 'प्लॅस्टिकचं'?

खाकीमामा (सातारा)

परवा राजवाड्यावर भेळ खाता खाता भाच्याशी वाजलं. पोरगं नुकतंच फौजदार झालंय, कमरेला ग्लॉक, म्हणजे ते प्लॅस्टिकच्या सांगाड्याचं नवं पिस्तूल. मी म्हटलं, आमचं जुनं पोलादी नाईन एमएम हातात घेतलं की काहीतरी धरल्यासारखं वाटायचं, हे तुझं खेळण्यातलं. तर म्हणतो कसा, "मामा, तुमचं राजदूतवाल्यांसारखं झालंय. गाडी चढाला दम टाकती, पण आवाज बघा!" भेळवालाही हसला. म्हणून इथं विचारतोय.

नोकरी झाली ३१ वर्षं. शेवटची बारा वर्षं कमरेला ईशापूर रायफल फॅक्टरीचं वन-ए होतं, तेच हे नाईन एमएम. म्हणजे मुळात अमेरिकन बंदूककार ब्राउनिंगचं हाय पॉवर पिस्तूल. ब्राउनिंग १९२६ ला गेला, अर्धं राहिलेलं काम बेल्जियममध्ये दुसऱ्यानं पुरं केलं आणि १९३५ ला ते आलं. तेरा राऊंड म्हणजे गोळ्या, किलोच्या आसपास वजन, सगळं पोलाद.

लोकांना वाटतं मी वजनावर भाळलोय. वजनाचा फायदा आहेच, झटका कमी बसतो. पण माझा जीव अडकलाय घोड्यात, म्हणजे मागच्या हॅमरमध्ये, चापात नव्हे. वन-एचा घोडा बाहेर दिसतो. रात्री गस्तीच्या गाडीत नुसता अंगठा फिरवला की कळतं, कॉक आहे का नाही, म्हणजे घोडा मागं ओढून तयार आहे का. ग्लॉकचं सगळं पोटात. बाहेरून कसंही बघा, सारखंच.

दुसरं म्हणजे, मॅगझीन काढलं की वन-एचा चाप दाबला तरी बार उडत नाही. ग्लॉकच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, एक गोळी राहिली असेल, तर मॅगझीन दुसऱ्या हातात असलं तरी उडते. आणि साफ करायला खोलायचं तर आधी चाप दाबावाच लागतो! रात्रपाळी करून आलेला माणूस एकदा चेंबर बघायचा विसरला की झालं.

वेगळं मत असेल तर जरूर सांगा. फक्त "नवं ते चांगलं" एवढंच सांगू नका, ते भाच्यानं सांगून झालंय.

कुपवाड_एमआयडीसी

मामा, मी हत्यारवाला नव्हे, हीट ट्रीटमेंटवाला. त्यामुळं पोलादापुरतं बोलतो.

"प्लॅस्टिकचं पिस्तूल" हेच मुळात चूक. प्लॅस्टिक आहे तो खालचा सांगाडा. नळी आणि वरची स्लाईड पोलादाचीच, आणि त्यावर नायट्रायडिंग केलेलं, म्हणजे नायट्रोजननं वरचा थर कडक केलेला. आम्ही क्रँकशाफ्टला करतो त्याच जातीचं काम. तुमच्या जुन्या पिस्तुलाचा तो काळानिळा रंग असतो ना, ब्लूइंग, तो रंग नसून मुद्दाम चढवलेला एक प्रकारचा गंजच आहे. तेल आहे तोवर ठीक, तेल गेलं की तांबडा गंज सुरू. घामानं तर लवकरच.

झटक्याचं तुमचं बरोबर आहे. तीच गोळी, तोच वेग, तर झटक्याची ऊर्जा पिस्तुलाच्या वजनाच्या उलट प्रमाणात. वन-ए किलोभर आणि ग्लॉक ७०० ग्रॅम धरलं, तर ग्लॉकला साधारण ४० टक्के जास्त. पण ग्लॉकची नळी मुठीच्या जवळ, खाली बसते, त्यामुळं तोंड वर उडणं कमी होतं. वजनकाटा सगळं सांगत नाही.

खाकीमामा (सातारा)

गंजाचं सांगू नका भाऊ. कोयनेला तीन पावसाळे काढलेत. चामड्याचं होल्स्टर एकदा भिजलं की आठ दिवस वाळत नाही, आणि त्यातच पिस्तूल ठेवलं की दुसऱ्या दिवशी स्लाईडवर तांबूस ठिपके. म्हणून रोज संध्याकाळी चिंधी आणि तेल. हीच तर गोष्ट आहे, पोलाद तुम्हाला शिस्त लावतं. प्लॅस्टिकवाली पोरं महिना महिना खोलून बघत नाहीत.

मिरज_फौजदार

शिस्त लावायला गंज लागतो होय मामा?

मी महिला आहे, नोकरीत आहे, दोन्ही वापरलीत. वन-एमध्ये तेरा राऊंड दुहेरी ओळीत बसतात, म्हणून मूठ जाड. माझ्या हाताला अंगठा सेफ्टीपर्यंत पोचवायला पकड सोडावी लागते, आणि ती सेफ्टीही एवढीशी. घोडा खाली असताना स्लाईड ओढायची तर घोड्याची स्प्रिंगही सोबत ओढावी लागते. ग्लॉकला २०१० च्या चौथ्या पिढीपासून मुठीची मागची पट्टी बदलता येते, लहान हात, मोठा हात. हे कुणीतरी आमचा विचार करून केलंय. आणि बारा तास बंदोबस्तात कमरेला किलोभर वजन, वर हातकडी, वायरलेस, काठी. कंबर कुणाची जाते?

घोड्याबद्दल: घोडा कॉक आहे एवढंच तुम्हाला कळतं. चेंबरमध्ये राऊंड आहे का नाही, हे तुमचा घोडा सांगत नाही. ग्लॉकचं कॉक आहे का ते चापाच्या जागेवरून कळतं, पुढं असला तर कॉक.

खाकीमामा (सातारा)

अंधारात चापाला बोट लावून बघायचं? हे ट्रेनिंगमध्ये शिकवतात का आता?

मिरज_फौजदार

चापाला नव्हे. दिवसा डोळ्यानं बघायचं. अंधारात एक्स्ट्रॅक्टरवरून, म्हणजे रिकामं काडतूस ओढून काढणाऱ्या स्लाईडवरच्या आकड्यावरून, बोट फिरवायचं. चेंबरमध्ये राऊंड असला की तो किंचित बाहेर येतो. नव्या ग्लॉकना आहे तसं.

बाराबोअर

धाग्यात "जुनं म्हणजे पोलादी" असं सरसकट चाललंय, म्हणून नाक खुपसतो. १९८५ ला अमेरिकन सैन्यानं १९११ चं पोलादी पॉइंट फोर्टी-फाइव्ह सोडून बेरेटा घेतलं, त्याचा सांगाडा ॲल्युमिनियमचा. १९६७ ला इलिनॉयच्या राज्य पोलिसांनी घेतलेलं स्मिथ अँड वेसन ३९, तेही ॲल्युमिनियमच. म्हणजे पोलाद सोडायला लोकांनी ग्लॉकची वाट बघितली नव्हती. ग्लॉक ऑस्ट्रियन सैन्यात गेलं १९८२ ला. आणि ते काढणारा माणूस त्याआधी पडद्यांच्या दांड्या बनवायचा. पिस्तुलाचा अनुभव नव्हता म्हणूनच घोडा काढून टाकायची हिंमत झाली असावी, असं आपलं मला वाटतं.

मॅगझीनच्या सेफ्टीचं मात्र पटलं नाही. झटापटीत मॅगझीन सोडायचा खटका दाबला जाऊन मॅगझीन पडलं, तर चेंबरमधला शेवटचा राऊंडही वाया. हातात लोखंडाचा तुकडा.

जावळीकर

एवढा कीस काढताय. आमच्या केडंब्याच्या तुकाराम ओंबळेंकडं २६/११ ला फक्त काठी होती. कसाबची एके-४७ छातीशी धरून ठेवली त्यांनी. धातूनं काय होतंय?

खाकीमामा (सातारा)

जावळीकर, ओंबळेसाहेबांचं नाव घेतलं की सगळेच गप्प बसतात, मीही बसतो. पण त्यांच्या हातात काठीच होती, हा अभिमानाचा भाग नव्हे. ती चूक होती, आणि ती त्यांची नव्हती. म्हणून तर पिस्तुलावर बोलायचं.

बाराबोअर, खटक्याचं मान्य. माझ्याबाबतीत झालंय, फक्त झटापटीत नाही, एसटीत चढताना. मॅगझीन पायरीवर, कंडक्टर त्याच्याकडं बघतोय आणि मी कंडक्टरकडं.

कुपवाड_एमआयडीसी

मामा, एक खरं सांगा. बारा वर्षांत वन-ए अडकलं किती वेळा?

खाकीमामा (सातारा)

सरावाला दोनदा. एकदा तिसऱ्याच राऊंडला. पिस्तुलाचा दोष नव्हता, मॅगझीनची स्प्रिंग मेलेली आणि गोळी धरणारे वरचे ओठ वाकलेले. नवं मॅगझीन मागितलं, मिळायला दीड वर्ष लागलं. कुठं ते विचारू नका.

मिरजेच्या मॅडम, स्लाईड जड जाते म्हणालात. आधी अंगठ्यानं घोडा मागं घ्या, मग स्लाईड ओढा. निम्मा जोर लागतो. तोंड मात्र सुरक्षित दिशेलाच ठेवा, हे तुम्हाला सांगायला नको.

मिरज_फौजदार

आज रेंजवर करून बघितलं. खरंच हलकी येते, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. थँक्यू मामा.

मत ग्लॉकलाच. कंबर अजून दुखतीय.