मदत हवी आहे : मे महिन्यात आईला घेऊन दुबई

सप्रेम नमस्कार. आम्ही फोंड्याचे. माझा धाकटा भाऊ दुबईत नोकरीला असून त्याचे बिऱ्हाड एकदा डोळ्यांनी पाहावे ही आईची फार दिवसांची इच्छा आहे. पण मुलांच्या सुट्टीमुळे आम्हाला मे महिन्यातच जावे लागेल, आणि त्या दिवसांत तेथील पारा चाळिशीपार जातो. आईचे वय ६८, गुडघे दुखरे. ८२८ मीटर उंचीच्या बुर्ज खलिफापेक्षा तिला खाडीवरची अब्रा नावाची लाकडी होडी आणि अल फहिदी वस्तीतील वाऱ्याचे जुने मनोरे पाहण्याची ओढ अधिक आहे. (मांडवीच्या फेरीबोटीत ती आजही कठड्याला धरून उभी राहते.) ही दोन्ही ठिकाणे उघड्यावरची असल्याने सकाळी लवकर जावे की सूर्यास्तानंतर? मेट्रो स्थानकापासून तिला कितपत चालावे लागेल?

आणखी एक शंका. भावासाठी आईने शागोतीचा मसाला कुटून बरणीत भरला आहे, त्यात खसखस आहे, आणि खसखशीला तेथे बंदी आहे. खसखस वगळून केलेला घरगुती मसाला कोणी अलीकडे नेला आहे का? रक्तदाबाच्या गोळ्यांसोबत कोणती कागदपत्रे ठेवावीत, हेही अनुभवी मंडळींनी कृपया कळवावे.