बोटीवरचा किड्स क्लब : पोरं तिथं सोडावीत का?

कासची वाट, सातारा

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ करून आलो. मी, नवरा, सासूबाई आणि दोन मुलं. थोरला नऊ वर्षांचा, धाकटी पावणेतीनची. आल्यापासून पोवई नाक्यावर जो भेटतो तो हेच विचारतो, ‘पोरांचं काय केलंत तिथं?’ बोटीवर मुलांना काही तास खेळवत सांभाळणारा किड्स क्लब असतो, म्हणून त्याबद्दल एकदाच सविस्तर लिहिते. माझं मतही सांगते, पटणार नाही त्यांनी जरूर खोडावं.

आधी जे चुकलं ते. बुकिंग करणाऱ्यानं सांगितलं होतं, ‘तीनच्या आसपासचं मूल घेतात, काळजी करू नका.’ बोटीवर क्लबच्या दारात पासपोर्ट बघितला आणि नम्रपणे नाही म्हणाले. तीन वर्षं पूर्ण हवीत आणि डायपर सुटलेलं हवं. आमच्या धाकटीचं दोन्ही नव्हतं. त्या बोटीवर तान्ह्यांसाठी वेगळी खोलीही नव्हती. मग चार दिवस आम्ही दोघांनी पाळ्या लावल्या. एक जण जेवायला, एक जण तिच्यामागं. डायपर असलेल्या मुलांना पोहण्याच्या तलावातही उतरू देत नाहीत, हेही तिथं गेल्यावर कळलं. ती पाण्याकडं बोट दाखवून रडायची आणि मी तिला उचलून दुसरीकडं न्यायची. ते अजून डोळ्यांसमोर आहे.

थोरल्याचं मात्र उलट झालं. पहिल्या सत्राला माझा हात सोडेना. दुपारी आणायला गेले तर म्हणाला, ‘आई, अजून थोडा वेळ.’ कागदी पेल्यांचा मनोरा, सगळ्या बोटीवर खजिन्याचा शोध, रंगकाम असं काहीबाही चाललेलं. सूचना सगळ्या इंग्रजीत. आमचा सेमी इंग्रजीतला. पहिल्यांदा इतरांकडं बघून करायचा, तिसऱ्या दिवशी आपणहून विचारायला लागला. एका इंडोनेशियन मुलाशी त्याची गट्टी जमली, दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती तरी.

माझं मत असं की तीन ते अकरा वयाचं मूल असेल तर चांगला क्लब असलेली बोट बघूनच तिकीट काढावं, आणि दिवसातलं एक सत्र मूल तिथं खुशाल सोडावं. आईलाही सुट्टी लागते. तीनच्या आतलं असेल तर वर्षभर थांबावं.

निवृत्त मास्तर, सांगली

ताई, तुम्ही मनापासून लिहिलंत, पण मला हे पटत नाही.

गेल्या हिवाळ्यात मुलानं आम्हाला मुंबई-गोवा क्रूझला नेलं. नातू सात वर्षांचा. संध्याकाळी बोट मुंबई बंदरातून निघाली. मी वरच्या डेकवर उभा. कुलाब्याच्या टोकाचा प्राँग्सचा दीपस्तंभ मागं पडत होता, शहराचे दिवे लागत होते. नातू कुठं? खाली, बिनखिडकीच्या खोलीत, माशाच्या चित्रात रंग भरत. बाहेर खरा समुद्र असताना!

मी लहानपणी वडिलांबरोबर कोकण बोटीनं गेलोय. रत्नागिरीला बोट धक्क्याला लागत नसे. पडावात बसून भर पाण्यात बोटीपर्यंत जायचं आणि हेलकाव्यात वर चढायचं. वडिलांनी मला कठड्याशी धरून उभं केलं आणि जयगडपर्यंत एकेक खाडी, एकेक टेकडी दाखवली. साठ वर्षं झाली, अजून क्रमानं सांगतो. नातवाला हे मी द्यायचं की कुणा अनोळखी ताईनं कागदी मुकुट द्यायचा?

आपण कृष्णाकाठची माणसं. समुद्र आपल्या वाट्याला वर्षातून एकदाही येत नाही. चार दिवस मिळाले तर ते मुलाबरोबरच काढावेत. ज्यांना मुलांपासून सुट्टी हवी त्यांनी मुलं आजोळी ठेवून जावं.

कासची वाट

काका, जयगडचं वाचून मी दोनदा थांबले. माझ्या मुलाला असं दाखवणारं कुणी नाही, म्हणून हेवाही वाटला. पण दीपस्तंभ हुकला त्यात वेळ निवडण्याची चूक होती, क्लबची नव्हे. बऱ्याच बोटींवर साधारण सकाळी नऊ ते बारा, दुपारी दोन ते पाच, संध्याकाळी सात ते दहा अशी सत्रं असतात. रोजचं पत्रक आदल्या रात्री हातात येतं. बंदर सुटण्याची वेळ, सूर्यास्त, जेवण यांवर खूण करून उरलेल्यातलं एक सत्र निवडता येतं. आम्ही दुपारचं घेतलं. त्या वेळी डेकवर ऊनच असतं आणि सासूबाई नि धाकटी झोपलेल्या असतात.

आणि ‘मुलांपासून सुट्टी’ हे जरा लागलं हो. मी नोकरी करते, दोघांचं बघते, सासूबाईंच्या गुडघ्यांचं बघते. लग्नानंतर दहा वर्षांत मी आणि नवरा पहिल्यांदा दोन तास नुसते बोलत बसलो. मूल तीन मजले खाली होतं, दुसऱ्या गावी नव्हतं.

डेकवरचा, तासगाव

मी सात वर्षं क्रूझवर नोकरी करतोय. पहिली दोन कंत्राटं मुलांच्या विभागातच होती, आता जेवणघरात आहे. दोन्ही बाजूंना काही गोष्टी माहीत असाव्यात म्हणून लिहितो.

क्लब म्हणजे शाळा नाही, पाळणाघरही नाही. सांभाळलेलं खेळघर म्हणा. वयाचे गट प्रत्येक कंपनीचे वेगळे. रॉयल कॅरिबियन तीन वर्षांपासून घेते, कार्निव्हल दोनपासून घेते. डिस्नेकडं आणि रॉयल कॅरिबियनच्या बऱ्याच बोटींवर सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळांसाठी वेगळी नर्सरी असते, पण तिला ताशी पैसे पडतात आणि जागा आधीच भरतात. तीन वर्षांपुढच्या क्लबचं दिवसाचं शुल्क सहसा भाड्यातच असतं. रात्री दहानंतर ठेवलं तर बऱ्याच ठिकाणी ताशी आकारणी सुरू होते. सहा महिन्यांच्या आतलं बाळ तर बहुतेक कंपन्या बोटीवरच घेत नाहीत, आणि सलग बरेच दिवस समुद्रात असणाऱ्या लांब सफरीला वर्ष पूर्ण लागतं.

डायपरच्या नियमाचा ताईंना राग आला असेल, पण कारण समजून घ्या. जिथं बदलायची सोयच केलेली नाही तिथं ते काम करायला कर्मचाऱ्यांना मनाई असते. एक तर मुलाच्या सुरक्षिततेसाठी, आणि दुसरं पोटाच्या साथीसाठी. नोरोव्हायरस बोटीवर शिरला की एका दरवाज्याच्या मुठीवरून पन्नास जणांत जातो. म्हणून क्लबच्या दारातच हात धुवायला लावतात. मुलाला उलटी-जुलाब झाले असतील तर ते लपवून क्लबमध्ये सोडू नका, हात जोडून सांगतो. मी हे होताना पाहिलंय, आणि पुढं दोन दिवस सगळ्याच मुलांचे हाल झाले.

आता सोडणं-आणणं. नाव नोंदवताना मूल कोण नेऊ शकतं ते लिहून घेतात. सांकेतिक शब्द किंवा तुमचं कार्ड बघितल्याशिवाय मूल हातात देत नाहीत. आजोबांचं नाव लिहिलं नसेल तर आजोबांनाही देत नाहीत. यावरून आपल्याकडची माणसं फार चिडतात. मोठ्या एकत्र कुटुंबानं पहिल्याच दिवशी आजी, काका, आत्या सगळ्यांची नावं घालावीत.

मुलाच्या मनगटावर एक पट्टा बांधतात. त्यावर आणीबाणीत जमायच्या जागेचा क्रमांक असतो. भोंगा वाजला तर क्लबचे लोक मुलाला त्या जागी पोचवतात. तुम्ही जिन्यावरून उलट क्लबकडं धावायचं नाही, सरळ आपल्या जागेवर जायचं. २०१२ साली इटलीत कोस्टा कॉनकॉर्डिया खडकावर आपटली आणि ३२ माणसं गेली. बोटीवरच्या काही प्रवाशांची तर तोवर आणीबाणीत कुठं जमायचं त्याची कवायतही झालेली नव्हती. त्यानंतर नियम बदलला. आता बोट सुटण्याआधी किंवा सुटताच कवायत करावीच लागते. ती कंटाळवाणी वाटते म्हणून मुलांना केबिनमध्ये ठेवून येणारे पालक भेटतात. असं करू नका.

मास्तर, तुमच्या खिडकीच्या मुद्द्याला मी हो म्हणतो. पुष्कळ क्लब आतल्या बाजूला असतात. समुद्र दाखवायचं काम आमच्याकडून होत नाही.

लेकराची आई, मिरज

‘तीन ते अकरा, खुशाल सोडावं’ हे वाचून राहवलं नाही. माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, स्वमग्न. मोठा आवाज, अंगावर येणारी गर्दी त्याला सोसत नाही. त्याच्या वयाच्या गटात डीजे आणि शर्यती. त्याला हवी असते शांत कोपऱ्यात ठोकळ्यांची रास. आम्ही गेलो तेव्हा क्लबनं वय बघितलं, मुलगा बघितला नाही. अर्ध्या तासात बोलावणं आलं.

पण चूक माझीही होती, मी आधी काही कळवलंच नव्हतं. नंतर शोधलं तेव्हा समजलं की रॉयल कॅरिबियनसारख्या कंपन्या अशा मुलांना वयाऐवजी क्षमतेप्रमाणं गटात बसवतात, मात्र बुकिंगच्या वेळीच सांगावं लागतं. तेव्हा ताई, तुमचा सल्ला तुमच्या थोरल्यासाठी बरोबर आहे. सगळ्यांसाठी नाही. प्रत्येकानं आपल्या मुलाकडं बघून ठरवावं.

कासची वाट

ताई, बरोबर आहे. ‘खुशाल’ हा शब्द मी मागं घेते.

विश्रामबागचा बाबा, सांगली

सगळे लहान मुलांवर बोलताहेत. मला वाटतं खरी काळजी तेरा-चौदाच्या पुढं आहे. माझी मुलगी चौदाची. तिथल्या टीन क्लबला दारात नोंद नाही, ये-जा आपली आपण. रात्री बाराला मी चार डेक शोधत फिरलो. बाईसाहेब नव्या मैत्रिणींबरोबर पिझ्झा खात बसलेल्या. चौकशी केली तर म्हणे, या वयाची मुलं आपणच येतात-जातात, आम्ही त्यांच्यावर लक्ष ठेवत नाही. मग त्याला मुलांचा कार्यक्रम कशाला म्हणायचं? बोटीवर दारूची दुकानं आहेत, कॅसिनो आहे, अनोळखी माणसांच्या शेकडो केबिनी आहेत. आपल्याकडं गणपतीत मंदिरापर्यंत जायचं तरी मुली सांगून जातात.

डेकवरचा

दादा, काळजी रास्त आहे. टीन क्लब बहुतेक ठिकाणी असाच चालतो, कारण त्या वयाची मुलं नोंदवहीच्या खोलीत थांबतच नाहीत. बार आणि कॅसिनोत त्यांना प्रवेश नसतो. काही कंपन्यांत रात्री एकनंतर अल्पवयीनांना एकटं फिरायला बंदी आहे. पण त्याआधीचे नियम घरानंच घालायचे. मी पालकांना सांगायचो की तीन गोष्टी आधी ठरवा. कुणाच्याही केबिनमध्ये जायचं नाही, कुणाला आपल्या केबिनमध्ये आणायचं नाही, आणि ठरल्या वेळी ठरल्या जागी तोंड दाखवायचं. मोबाईलवर विसंबू नका. बोटीवरचं इंटरनेट महाग असतं, आणि कंपनीच्या अ‍ॅपवरचा निरोप मुलं बघतातच असं नाही.

नऊ-दहा वर्षांच्या मुलांनाही काही ठिकाणी पालकांच्या सहीनं एकट्यानं बाहेर पडायची मुभा मिळते. तो रकाना न वाचता सही करू नका. आणि तलावावर जीवरक्षक प्रत्येक बोटीवर असतोच असं नाही. कृष्णेत पोहणारं पोरगंही तिथं नजरेआड सोडायचं नाही.

विश्रामबागचा बाबा

म्हणजे जबाबदारी आपलीच. ते मला मान्य आहे. मग जाहिरातीत ‘प्रत्येक वयासाठी देखरेखीतला कार्यक्रम’ असं छापू नये, एवढंच म्हणणं आहे.

ऊसवाला, कराड

मला तर मूळ खर्चच पटत नाही. मुलांचं भाडं माफ अशी जाहिरात असते, पण बंदराचे कर आणि बऱ्याच कंपन्यांची दररोजची सेवा-बक्षिसी मुलांच्या नावावरही लागते. वर विमान, व्हिसा. एवढे पैसे घालून मूल शेवटी बंद खोलीत मनोरेच रचणार असेल तर आमच्या वाड्यात आत्याच्या पोरांबरोबर रचेल. माझी दोन्ही मुलं मे महिनाभर मामाकडं विहिरीत पोहायला शिकली. तिथंही कोण ना कोण काठावर बसलेलं असायचंच.

कासची वाट

दादा, ज्याच्याकडं आत्या, मामा आणि विहीर आहे त्याला क्लब लागत नाही, हे खरंय. आमचं घर दोन खोल्यांचं, आत्या पुण्यात, मामा बंगळूरला. थोरला सुट्टीभर एकटा असतो. म्हणून अनोळखी मुलांत तो तीन तास रमला याचं मला एवढं वाटलं.

निवृत्त मास्तर

हे वाचून मी काल नातवाला फोन केला. विचारलं, बोटीवरचं काय आठवतं? मला वाटलं दीपस्तंभ म्हणेल, मी नंतर त्याला फोटो दाखवला होता. तो म्हणाला, क्लबातल्या ताईनं शिकवलेला टाळ्यांचा खेळ आणि आजोबांबरोबर पहाटे बघितलेली मच्छीमारांची होडी. दोन्ही एका दमात.

माझं मत बदललेलं नाही. बोट बंदरातून सुटताना आणि बंदरात शिरताना मूल डेकवरच हवं, आणि त्याच्याजवळ घरचं माणूस हवं. दुपारच्या सत्राला मात्र मी यापुढं आडवा येणार नाही.

नवी आई, कोरेगाव

आमची मुलगी ११ जानेवारीला तीन वर्षांची होते. ८ जानेवारीची बोट बघितली होती. सफर चालू असतानाच तीन पूर्ण होतील, म्हणजे शेवटच्या दिवशी तरी क्लबात घेतील का? डायपर दिवसा सुटलंय, रात्री नाही.

डेकवरचा

ताई, बऱ्याच कंपन्या बोटीवर चढण्याच्या दिवसाचं वय धरतात, वाढदिवस मध्ये आला तरी. कंपनीकडून लेखी विचारून घ्या, बुकिंग करणाऱ्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. जमलं तर जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यातली तारीख घ्या. रात्रीच्या डायपरचा प्रश्न येत नाही, कारण रात्री ती तुमच्याजवळच असेल. दिवसा मात्र शू लागली की तिला स्वतः सांगता आलं पाहिजे, आणि तेही तिथल्या ताईंना कळेल अशा शब्दांत. तो एक इंग्रजी शब्द आत्तापासून शिकवा. पिशवीत दोन जादा चड्ड्या ठेवा.

नवी आई

२० तारखेची विचारते. आजपासून शब्द सुरू.