१५० मधोमध का जातो?

कुणीतरी विचारलंय, दुसरीतली मुलगी ० ते १००० च्या रेघेवर (एका टोकाला ०, दुसऱ्या टोकाला १०००) १५० जवळपास मधोमध टाकते, म्हणजे तिचं गणित कच्चं का? अजिबात नाही हो! या वयात बरीच मुलं लहान आकडे ऐसपैस पसरतात आणि मोठे शेवटाला कोंबतात. सीगलर आणि ऑप्फर या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये हेच दाखवलं. दुसरीतली मुलं ० ते १०० च्या रेघेवर मात्र बरीच नीट खुणा करत होती.

इथे सांगलीत माझ्या भाच्यानं कॅलेंडरच्या पाठीमागे काढलेल्या अशाच रेघेवर ७००, ८००, ९०० अगदी चिकटवून टाकले होते. मी फक्त १५० ची खरी जागा दाखवली. दुसऱ्या रेघेवर बाकीचे आकडेही आपोआप डावीकडे सरकले. ते बघताना फार बरं वाटलं. आणि हाच पोरगा कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पुराचा ४० फुटांचा इशारा, ४५ चा धोका आणि २०१९ चं सत्तावन्नच्या वर गेलेलं पाणी भिंतीवर बोटानं बरोबर दाखवतो. पावसाळाभर घरात तेच आकडे कानावर पडतात ना.

तेव्हा तिला रागावू नका. आधी ५०० कुठे येईल ते विचारा, मग १५०.