बर्लिनच्या मोर्चात मराठी फलकावर 'नदीपासून समुद्रापर्यंत' लिहावं का?

सुमेधा_बर्लिन
शनिवारच्या गाझा मोर्चासाठी आम्ही सहा मराठी विद्यार्थी फलक करतोय. ५० बाय ७० सेंमीचे पुठ्ठे आणलेत. दोघांना 'नदीपासून समुद्रापर्यंत पॅलेस्टाइन मुक्त होईल' हेच लिहायचंय आणि तेही मराठीत, म्हणजे पोलिसांना कळणार नाही. इतरांचं म्हणणं, ही घोषणा ज्यूंना हाकलून लावायची आहे, तिच्याखाली उभं राहायचं नाही. पुठ्ठे अजून कोरेच आहेत. कायदा काय म्हणतो? आणि घोषणेचा अर्थ नेमका काय?

कलमवाचक
मराठीत लिहिलं म्हणजे सुटलो, हे आधी डोक्यातून काढा. फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्लिन पोलिसांनी एका मोर्चाला घोषणा, भाषणं आणि गाणी फक्त जर्मन किंवा इंग्रजीत हवीत अशी अट घातली होती. अरबीत घोषणा झाल्या आणि मोर्चा थांबवला गेला. तेव्हा शनिवारच्या अटींत भाषेबद्दल काही आहे का, हे आयोजकांना आजच विचारा.

२ नोव्हेंबर २०२३ ला जर्मन गृहमंत्रालयाने हमासच्या कामावर बंदी घातली. त्या आदेशात ही घोषणा हमासची खूण म्हणून नोंदवली आहे. त्यामुळे दंडसंहितेचं कलम ८६अ लागू शकतं: दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. कोर्टांचं मात्र एकमत नाही. मे २०२४ मध्ये मानहाइमच्या कोर्टाने हा गुन्हा होत नाही म्हटलं, नोव्हेंबरमध्ये बर्लिनच्या कोर्टाने एका महिलेला दोषी ठरवलं. त्याआधी ऑगस्टमध्ये बर्लिनमध्येच एका तरुणीला ६०० युरो दंड झाला होता, पण कलम १४० खाली, म्हणजे गुन्ह्याचं समर्थन केल्याबद्दल. तिने घोषणा दिली ती ११ ऑक्टोबर २०२३ ला, हमासच्या हल्ल्यानंतर चौथ्या दिवशी. शब्द तेच, पण तारीख आणि प्रसंग बघितला गेला.

प्रत्यक्षात असं करा. मोर्चाच्या सुरुवातीला आयोजक अटी वाचून दाखवतात, त्या वेळी हजर राहा. पोलिसांनी फलक खाली ठेवायला सांगितला तर ठेवा. जप्त केला तर पावती मागा. पुढे पोलिसांकडून आरोपी म्हणून चौकशीचं पत्र आलं तर नाव, पत्ता, जन्मतारीख अशी ओळखीची माहिती सोडून काहीही सांगण्याची सक्ती नाही. आधी वकील गाठा. शिक्षणासाठीच्या निवास परवान्यावर असणाऱ्याने तर यात हलगर्जीपणा करूच नये.

दर्यावर्दी
अर्थ एकच असता तर वाद झालाच नसता. जॉर्डन नदी आणि भूमध्य समुद्र यांच्यामध्ये इस्रायल, वेस्ट बँक आणि गाझा असं सगळं येतं. तिथे साधारण ७० लाख ज्यू आणि तितकेच पॅलेस्टिनी राहतात. सगळा पेच घोषणेच्या उत्तरार्धात आहे. 'मुक्त होईल' म्हणजे सगळ्यांना समान हक्क, असं म्हणणारे खूप आहेत. पण अरबीत 'पाण्यापासून पाण्यापर्यंत पॅलेस्टाइन अरब आहे' असंही म्हटलं जातं, तिथे समान हक्कांचा अर्थ काढता येत नाही. हमासच्या २०१७ च्या दस्तऐवजातही नदी ते समुद्र अशी संपूर्ण मुक्ती आहे. दुसऱ्या बाजूला इस्रायलमधल्या लिकुड पक्षाच्या १९७७ च्या जाहीरनाम्यात समुद्र आणि जॉर्डन यांच्यामध्ये फक्त इस्रायली सार्वभौमत्व असेल असं होतं.

आणि मराठीत लिहिणार असाल तर एवढं लक्षात घ्या: तो फलक मराठीतून वाचू शकणारे ज्यू आहेत. कोकणातून गेलेले बेने इस्रायली आज अश्दोद, लोद, दिमोना इथे राहतात, त्यांच्यातल्या जुन्या पिढीच्या घरात अजून मराठी आहे. पोलिसांना कळणार नाही ते त्यांना थेट कळेल. त्यांच्यासमोर धरता येईल असं वाक्य हवं. माझं मत: ही घोषणा नको.

खडूफळा
मला हे पटत नाही. शब्द बदलून वाद टळत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश खासदार अँडी मॅकडॉनल्ड यांनी नदी आणि समुद्राच्या मध्ये राहणारे सगळे, इस्रायली आणि पॅलेस्टिनी, शांततेत आणि स्वातंत्र्यात राहावेत असं म्हटलं. तरी लेबर पक्षाने त्यांना निलंबित केलं. मार्च २०२४ मध्ये परत घेतलं. अमेरिकेत खासदार रशिदा तलैब यांनी या घोषणेचा आपला अर्थ शांततेच्या सहजीवनाचा आहे असं सांगूनही प्रतिनिधीगृहाने २३४ विरुद्ध १८८ मतांनी त्यांची निंदा केली. फेसबुकची मालक कंपनी मेटाच्या देखरेख मंडळाने मात्र सप्टेंबर २०२४ मध्ये, नुसती घोषणा म्हणजे द्वेष किंवा हिंसेची चिथावणी नव्हे, असा बहुमताने निर्णय दिला. आपल्या भूमीचं वर्णन पॅलेस्टिनी ज्या शब्दांत करतात ते हमासला बहाल का करायचे? मात्र जर्मनीतली जोखीम खरी आहे. ज्याला ती पत्करायची त्याने स्वतःच्या हातात फलक धरावा, सहाजणांच्या नावावर नको.

सुमेधा_बर्लिन
ठरलं, ही घोषणा सामायिक फलकावर नाही. दोघे अजून नाराज आहेत. युद्ध थांबवा, अन्नाच्या गाड्या सोडा, कैदी आणि ओलीस सोडा, अशा मागण्या लिहायच्या. एका पुठ्ठ्यावर किती मावतं?

खडूफळा
अक्षराचा हिशेब: दर १० फूट अंतराला १ इंच उंची. रस्त्यापलीकडून, म्हणजे ५० फुटांवरून वाचायला ५ इंच, साधारण १३ सेंमी. वेलांट्या-उकार धरून ओळ १८ ते २० सेंमी जागा खाते. पुठ्ठा आडवा धरला तर दोनच ओळी, ओळीत पाच अक्षरं. 'अन्न आत / जाऊ द्या' बसतं, तिन्ही मागण्या एकत्र नाही. एका फलकावर एकच मागणी.

रेघ दोन सेंमी जाड ठेवा, पण शिरोरेषा त्याच्या निम्मी. नाहीतर वरच्या मात्रा आणि अनुस्वार बुजतात. आधी पेन्सिलीने शिरोरेषा आखा. पाण्याचा मार्कर पावसात ओघळतो, ॲक्रिलिक रंग घ्या आणि रात्रभर वाळू द्या. काही पुठ्ठ्यांवर मागणी जर्मनमध्ये मोठी आणि मराठी खाली लहान लिहा. काठीची लांबी-जाडीही अटींत असू शकते, म्हणून लाकडाऐवजी पुठ्ठ्याची नळी लावा.