काचेवर आदळून निपचित पडलेला पक्षी : आत्ता नेमके काय करावे?

प्रश्न – मानपाडा, ठाणे

आमची इमारत घोडबंदर रस्त्यालगत, येऊरच्या डोंगराकडे तोंड करून आहे. आज उजाडता उजाडता दिवाणखान्याच्या सरकत्या काचेवर काहीतरी जोरात आदळले आणि गॅलरीत जाऊन पाहिले तर साळुंकीपेक्षा लहान असा एक पक्षी कुशीवर पडलेला होता. त्याची पाठ हिरवी, शेपटीखालचा भाग लालभडक, डोळ्यांवरून गेलेली काळी जाड पट्टी आणि शेपूट फारच आखूड आहे. श्वास चालू आहे, डोळे अर्धवट मिटलेले आहेत आणि रक्त कुठे दिसत नाही. कठड्यावर कावळे जमू लागल्यामुळे त्याला उचलून बुटांच्या रिकाम्या खोक्यात ठेवले आहे. सासूबाई म्हणतात की कापसाच्या बोळ्याने चोचीत पाणी सोडावे, तर शेजारच्या काकांचे म्हणणे आहे की अंगावर पाणी शिंपडल्याने शुद्ध येते. यातले काय करावे, आणि किती वेळ वाट पाहावी, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

उत्तर – येऊर परिसरातील एक पक्षीनिरीक्षक

ताई, पाणी चोचीतही सोडू नका आणि अंगावरही शिंपडू नका. पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या अगदी मागेच उघडते आणि अर्धवट शुद्धीत त्याला नीट गिळता येत नसल्यामुळे बाहेरून सोडलेला थेंब सरळ श्वासनलिकेत उतरू शकतो. पिसे भिजली तर अंगातली ऊब जाते आणि या पावसाळी हवेत ती भरून काढण्याची ताकद त्याच्यात आत्ता नाही. दाणे, भात, दूध यांपैकीही काही देऊ नये.

तुम्ही खोके वापरले हे उत्तम केलेत. तळाशी सुती कापडाची घडी घाला. टर्किश टॉवेल नको, कारण त्याच्या धाग्यांच्या फासांत नखे अडकतात. पक्षी आत असताना खोक्याला भोके पाडू नका, झाकण किंचित तिरके ठेवले तरी हवा पुरते. मग ते खोके दूरदर्शन, मिक्सर आणि मुलांची ये-जा यांपासून लांब, घरातल्या सर्वांत शांत खोलीत ठेवा. अंधार आणि शांतता हाच इथे खरा उपचार आहे, कारण उजेडात माणसांचे चेहरे दिसत राहिले की पक्षी भीतीने धडपडतो आणि सावरण्यासाठी लागणारी शक्ती त्यातच खर्च करतो. म्हणूनच झाकण उघडून सारखे पाहण्याचा मोह सर्वांनी टाळावा. आतून नखांचा खरडण्याचा आवाज आला की तो सावरत आहे असे समजावे. काही पक्षी थोड्या मिनिटांत उभे राहतात, काहींना तास-दोन तास लागतात.

झाकण उघडायचे ते मात्र घराबाहेरच. खोलीत उघडलेत तर तो उजेडाच्या दिशेने झेपावून पुन्हा त्याच काचेवर आदळेल. हातात धरण्याची वेळ आली तर छाती दाबू नका. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचे हाड पुढे-मागे होऊनच त्यांचा श्वास चालतो आणि घट्ट मूठ आवळल्यास तो थांबतो.

वर्णनावरून हा नवरंग आहे. दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत हिवाळा काढून हे पक्षी पावसाच्या तोंडावर विणीसाठी आपल्याकडच्या जंगलांत येतात आणि हा प्रवास रात्रीचा असतो. उंच इमारतींचे दिवे आणि काचा यांच्यात ते नेमके या दिवसांत सापडतात. पाचोळ्यातले किडे आणि गांडुळे टिपणारा हा जमिनीवरचा पक्षी असल्यामुळे त्याला गॅलरीच्या कठड्यावरून सोडू नये. झाडोऱ्याजवळ, मांजरे आणि कुत्री नसतील अशा जागी खोके जमिनीवर ठेवून झाकण काढावे आणि दूर व्हावे. हवेत उडवू तर कधीच नये.

उत्तर – पशुवैद्यक, नवी मुंबई

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. वैद्यकीय बाजू तेवढी जोडतो. अशा धडकेत मेंदूला हादरा बसतो आणि सूज येऊ शकते, त्यामुळे खोक्यावर दिवा लावून शेक देऊ नये; उष्णतेने ती सूज वाढण्याचा धोका असतो. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कोणत्याही मात्रेत देऊ नयेत. एक पंख लोंबणे, मान एका बाजूला वळलेली राहणे, चोचीतून रक्त किंवा फेस येणे, दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या सारख्या न दिसणे, अथवा दोन तासांनंतरही पायांवर उभे राहता न येणे, यांतले एक जरी लक्षण दिसले तरी घरी थांबण्यात अर्थ नाही. पंख घरी बांधण्याचा प्रयत्न करू नका. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार वन्य पक्षी घरी बाळगता येत नाही, म्हणून हा मार्ग कायद्याच्या दृष्टीनेही योग्य आहे.

अंधार पडल्यावर सापडलेला पक्षी रात्रभर त्याच खोक्यात ठेवून सकाळी सोडावा. तो लगेच उडाला म्हणजे पूर्ण बरा झाला असेही धरू नये. आतला रक्तस्राव काही तासांनंतर जीव घेऊ शकतो, त्यामुळे शंका असल्यास तपासणी करून घेणेच बरे.

प्रश्नकर्तीकडून

आपणा दोघांचे मनापासून आभार. काही वेळाने खोक्यातून आवाज येऊ लागला. सोसायटीच्या बागेत झाडोऱ्याजवळ नेऊन झाकण काढले तेव्हा तो नीट उभा होता, पण डावा पंख खाली लोंबत होता. म्हणून झाकण परत लावून १९२६ वर कळवले आणि पक्षी वन विभागाच्या कर्मचाऱ्यांकडे सुपूर्द केला. आता त्या काचेचे काय करावे, हेही कुणी सांगितल्यास उपकार होतील.

उत्तर – ऐरोली

काचेत डोंगर आणि आकाश यांचे प्रतिबिंब पडते आणि पक्ष्याला तो मोकळा रस्ता वाटतो. आतून पडदा ओढल्याने बाहेरचे प्रतिबिंब जात नाही, म्हणून उपाय काचेच्या बाहेरच्या बाजूस करावा लागतो. ठिपके किंवा पट्ट्या चिकटवणार असाल तर त्यांतले अंतर सुमारे ५ सेंटिमीटरच ठेवा, कारण मोठी फट दिसली की पक्षी तिच्यातून जाऊ पाहतो. बाजारात मिळणारे ससाण्याचे एकच चित्र याच कारणाने निरुपयोगी ठरते. दहा-दहा सेंटिमीटरवर सोडलेल्या जाड दोऱ्यांची झालरही चालते.

आपल्याकडे कबुतरांसाठी जाळी बसवतातच. ती काचेपासून काही अंतरावर आणि ताणून बसवली तर हेही काम होते. सैल जाळीत मात्र पक्षी अडकून मरतात, तेव्हा ती वरचेवर तपासावी.

हा प्रश्न किती मोठा आहे हे पाहायचे तर अमेरिकेचा अंदाज पुरेसा आहे : २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिथे दरवर्षी ३६.५ कोटी ते ९८.८ कोटी पक्षी इमारतींवर आदळून मरतात. आपल्या इमारतीपुरते सांगायचे तर जूनच्या सुरुवातीला गच्चीवरचे आणि दर्शनी भागातले शोभेचे दिवे रात्री बंद ठेवण्याचा ठराव सोसायटीच्या सभेत मांडावा. आमच्याकडे समितीने तो फारशी चर्चा न होता मान्य केला, कारण विजेचे बिलही त्याने कमी होते.