हागीच्या किल्ल्याचे अवशेष पाहण्यासारखे आहेत का?

प्रश्न: नागपूरहून आईबाबांसह जपानला जाणार आहोत. यामागुची प्रांतातल्या हागीच्या किल्ल्याचे अवशेषच उरले आहेत, तर त्यासाठी वाट वाकडी करावी का?

उत्तर: जरूर करावी. १६०० मधल्या सेकिगाहाराच्या लढाईनंतर बराच मुलूख गमावलेले सरदार मोरी तेरुमोतो यांनी १६०४ मध्ये शिझुकी डोंगराच्या पायथ्याशी, समुद्राला लागून हा किल्ला उभारला. १८७४ मध्ये तो पाडला गेला, तरी खंदक, तटाच्या भिंती आणि मुख्य वास्तूचा दगडी चौथरा आजही पाहता येतो. १४३ मीटर उंच माथ्यावर, दगड फोडण्यासाठी पाचरी ठोकायच्या खाचा स्पष्ट दिसतात. मला त्याच सर्वांत मोलाच्या वाटल्या.

उत्तर: दादा, आईबाबांना मात्र पायथ्याशीच फिरवा. शिन-यामागुची रेल्वे स्थानकाहून हागीला बस जाते.